पाणी झालं, उतार नाही

कंपनीच्या गृहपत्रिकेत, शेवटून दुसऱ्या पानावर, माझ्या नणंदेचा फोटो आला आहे. त्या व्यासपीठावर उभ्या आहेत, एका हातात फुलांचा गुच्छ कसातरी धरलेला, आणि मोठे साहेब टेबलावर वाकून एका कागदावर काहीतरी लिहीत आहेत. खाली छापलं आहे : "निवृत्तीनिमित्त शुभसंदेश लिहून देताना मा. साहेब. शांत, सोशिक व मनमिळाऊ स्वभावामुळे त्या सर्वांच्या लाडक्या होत्या."

यातला एक शब्द खरा असेल तर शपथ. तो कागद शुभसंदेशाचा नव्हता. माझी नणंद शांत नाही, सोशिक तर मुळीच नाही. आणि लाडकी म्हणाल, तर ज्यांनी हे छापलं त्याच कंपनीने त्यांना शेवटची आठ वर्षं गोदामात नट-बोल्ट मोजायला बसवलं होतं. पत्रिका घरी आली त्या दिवशी माझी भाजी करपली. मी काही लेखिका नाही. मराठी शाळेत निबंधाला बाई बरे गुण द्यायच्या, तेवढीच शिदोरी. पण छापील खोटं घरात ठेवायचं आणि संध्याकाळी देवापुढे हात जोडून उभं राहायचं, हे मला जमेना. म्हणून लिहिते.

मी त्यांना वन्सं म्हणते. कारखान्यात त्यांना कोणी नावाने हाक मारली असेल असं मला वाटत नाही. सगळे म्हणायचे आरसेवाली.

चोविसाव्या वर्षी त्या तिथल्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागल्या. कागदावर हुद्दा 'मदतनीस', आणि निवृत्त झाल्या तेव्हाही मदतनीसच. कारखाना पोलादाच्या पिना बनवायचा. जड ओझी उचलणाऱ्या यंत्रांचा हूक जिच्यावर लटकतो ती पिन, मनगटाएवढी जाड. त्या पिनेचं पोलाद आतून कसं आहे ते बघायचं, तर तिचा एक तुकडा कापायचा आणि त्याची एक बाजू घासून आरशासारखी करायची. हे घासण्याचं काम आधी एक गृहस्थ करायचे. ते सोडून गेले आणि साहेब म्हणाले, बाई, नवीन माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा. नवीन माणूस सव्वीस वर्षं मिळाला नाही.

घासायचं म्हणजे काय ते मी पाहिलं आहे. वर्षातून एकदा घरच्या माणसांना कारखाना दाखवायला नेत, तेव्हा. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहून. दर पेपरला तुकडा आडवा फिरवायचा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे नव्याने पुसले गेले की नाही ते कळतं. एक जरी जुना ओरखडा राहिला तरी मागे जायचं, पहिल्यापासून. शेवटी फिरत्या चाकावर मखमलीसारखं कापड, त्यावर पांढरं पाणी. तासा-दीड तासाने त्या तुकड्यात तुमच्या नाकावरचा तीळ दिसतो. त्या दिवशी एका शिकाऊ इंजिनिअरने कौतुकाने त्या आरशाला बोट लावलं. वन्संनी त्याच्या हातातून तुकडा काढून घेतला आणि सगळ्यांदेखत सांगितलं की हा तोंड बघायला केलेला नाही, तोंड बघायचं असेल तर मुतारीत आरसा आहे. मग पहिल्या पेपरपासून पुन्हा सुरुवात केली. ही बाई शांत म्हणे.

एवढा आरसा करायचा आणि मग त्यावर स्पिरिटमध्ये मिसळलेल्या ॲसिडचा थेंब टाकून तो मळवायचा. मळवला की पोलादाचं पोट दिसतं. ॲसिड किती वेळ ठेवायचं याचा त्यांचा हिशेब होता. ओठ हलायचे. मला वाटलं, काय भाविक बाई आहे, काम करताना देवाचं नाव घेते. घरी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "नाव घेत नाही, वेळ मोजते. घड्याळाकडे बघायला गेलं की तुकडा जळतो. पाच नावांत काळवंडला म्हणजे पोलाद शहाणं." मी आपली देवाकडे त्यांच्या वतीने माफी मागून टाकली. देवाला हरकत नसावी. पाच नावं तर पाच.

या कामात त्यांच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या. कंपनीने हजेरीला अंगठ्याचं मशीन आणलं तेव्हा ते वन्संना ओळखेना. रोज सकाळी लाल दिवा आणि "पुन्हा प्रयत्न करा." मागच्या रांगेतले हसायचे, की आरसेवाली, स्वतःचाच अंगठा पॉलिश केलात की काय. त्याही त्यांना उलट ऐकवायच्या, तुमचा आहे ना शाबूत, कारण तुम्ही तो फक्त पगाराच्या कागदावर वापरता.

आता पोलादाच्या पोटात काय असतं ते सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. मला ते माझ्याच स्वयंपाकघरात कळलं, आणि त्यात माझ्या तीन चांगल्या सुया गेल्या.

एका रविवारी सकाळी त्या म्हणाल्या, तीन सुया दे, एकाच पुडीतल्या. पहिली पकडीत धरून गॅसवर लालभडक केली आणि फरशीवर ठेवून दिली, आपली आपण थंड होऊ दे म्हणाल्या. ती थंड झाल्यावर तारेसारखी वाकली, आणि वाकलेलीच राहिली. दुसरी तशीच लाल केली, पण लगेच पाण्याच्या वाटीत बुडवली. ती इतकी कडक झाली की तिने काचेवर ओरखडा उठला. मी म्हटलं, वा, ही खरी सुई. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि वाकव म्हणाल्या. जरा दाबली तर टक् करून दोन तुकडे. तिसरीही लाल करून पाण्यात बुडवली, पण मग घासून लख्ख केली आणि मंद आचेवर तव्यात ठेवली. बघता बघता ती पिवळसर झाली, मग तपकिरी, मग जांभळी, मग निळी. निळी झाल्याबरोबर त्यांनी उचलली. ती वाकवली तर वाकली, आणि सोडली तर सरळ झाली.

"लोखंड तिघींचं एकच," त्या म्हणाल्या. "एकीत जास्त नाही, एकीत कमी नाही. कोण किती तापलं, किती घाईनं थंड झालं आणि मग कोणी त्याला पुन्हा ऊब दिली की नाही, एवढाच फरक. आत दाणे त्याप्रमाणे बसतात."

ते दाणे मी सूक्ष्मदर्शकात पाहिले आहेत. सावकाश थंड झालेल्या पोलादात काळे-पांढरे ठिपके असतात, गोधडीसारखे. लाल करून एकदम बुडवलेल्यात नुसत्या सुयाच सुया, सुयांचा डबा सांडल्यासारख्या, एकमेकींत घुसलेल्या. इतक्या आवळून बसलेल्या की त्यांना हलायला जागा नाही, म्हणून ते कडक. आणि हलायला जागा नाही म्हणूनच ठोका बसला की फुटतं. मंद ऊब दिली की सुया तिथेच राहतात, पण जरा सैलावतात. मग पोलाद थोडं कडकपण सोडतं आणि चिवट होतं. ओझं त्या चिवटपणावर उचललं जातं, कडकपणावर नाही.

कारखान्यात ही दोन्ही कामं भट्टीमामा करायचे. ते तिथे वन्संच्याही आधीपासून होते. पहिल्या कामाला ते पाणी म्हणायचे. बुडवायचे तेलात, पण शब्द त्यांच्या गुरूचा, म्हणून तेलालाही पाणीच. दुसऱ्याला उतार. त्यांच्या वहीत दोन रकाने, आखणी त्यांच्या हातची : पाणी, उतार. पिनांना सकाळी पाणी, दुपारी दुसऱ्या भट्टीत दोन तास उतार. उताराशिवाय मामांच्या हातून एक पिन बाहेर गेली नाही. माणसांनाही ते याच मापाने मोजायचे. एखादा नवा इंजिनिअर फार तोऱ्यात बोलला की वन्संच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणायचे, बाई, पाणी बरं चढलंय, उतार द्यायचा राहिलाय. वन्संबद्दल मात्र म्हणायचे, हिला उतार देणारी भट्टी अजून बांधली नाही.

आठ वर्षांपूर्वी उत्पादन विभागाला नवे साहेब आले. हुशार, इंग्रजी शाळेतले, पण कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलायची हौस. दोन आठवड्यांत भट्टीवरचे दोन-चार शब्द उचलले, आणि त्याचं सगळ्यांना कौतुक. मामांनाही. साहेब पाणी म्हणतो, असं त्यांनी घरी बायकोला सांगितलं होतं.

एका दुपारी फाटकाशी ट्रक उभा होता. पिनांचा एक घाणा सकाळी तेलातून निघून थाळ्यांत निथळत होता. दुसरी भट्टी अजून रिकामी व्हायची होती. साहेबांनी भट्टीवर फोन केला आणि विचारलं, मामा, पाणी झालं का? मामा म्हणाले, झालं साहेब. फोन ठेवला आणि डबा खायला गेले. परत येऊन बघतात तर थाळ्या रिकाम्या.

साहेबांच्या डोक्यात पाणी म्हणजे भट्टीचं सगळं काम. मामांच्या तोंडी पाणी म्हणजे अर्धं. मामा विचारायला गेले तर साहेब मीटिंगमध्ये. कारकून म्हणाला माल गेला. कधीकधी भट्टी मोकळी नसली की माल उताराला बाहेर दुसरीकडे पाठवत; मामांना वाटलं, तसाच गेला असेल. वहीत त्यांनी लिहिलं, पाणी : झालं. उतार : आणि तो रकाना रिकामा. खाली बारीक अक्षरात 'माल नेला'.

आणि फाटकावर तपासणी नव्हती का? होती ना. तिथे कडकपणा मोजायचं मशीन होतं, माणूस होता, छापील फॉर्म होता. फॉर्मवर लिहिलेलं : कडकपणा, किमान ४०. नीट उतार दिलेली पिन बेचाळीस-त्रेचाळीस यायची. या पिना अठ्ठावन्न आल्या. त्या माणसाने अठ्ठावन्न लिहिलं, चाळीसहून जास्त म्हणून बरोबरची खूण केली, आणि कोणीतरी म्हणालं म्हणे की या वेळचा माल एकदम कडक आहे. किमान छापलं होतं, कमाल छापलं नव्हतं. कडक म्हणजे चांगलं, आणखी कडक म्हणजे आणखी चांगलं, एवढीच अक्कल त्या फॉर्मला. माझ्या दुसऱ्या सुईला मी 'वा' म्हटलं होतं, ते मी अडाणी म्हणून. यांच्याकडे तर पदव्या होत्या.

एकोणीस दिवसांनी गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये एक पिन टक् करून तुटली. हूक सुटला, तुळई खाली आली, आणि खाली उभ्या असलेल्या एका कामगाराचा पाय गुडघ्याखाली गेला. कापावाच लागला. तीस वर्षांचा माणूस.

दोन दिवसांत कारखानाभर बोलणं पसरलं की भट्टीमामा म्हातारे झाले, भट्टी नीट तापवली नाही, पोलाद कच्चं राहिलं. बोलणं कुठून निघालं ते सांगायला ज्योतिषी नको. चौकशी बसली. मामांना घरी बसायला सांगितलं. ते संध्याकाळी आमच्याकडे आले, खुर्चीच्या काठावर बसले आणि चहा तसाच गार केला. नोकरीचं त्यांना काही वाटत नव्हतं, चारच महिने राहिले होते. ते एवढंच म्हणत होते की बाई, तो पाय माझ्या हाताने गेला का ते मला सांगा. मी कमी तापवलं असेल तर मी कबूल करतो. माझे डोळे गेले असतील.

वन्संना तेव्हा ते माहीत होतं. तुटलेल्या पिनेचा अर्धा भाग आदल्या दिवशीच प्रयोगशाळेत आला होता. त्यांनी त्याचा तुकडा कापून आरसा केला होता आणि ॲसिड टाकलं होतं. पाच नावं झाली, दहा झाली, तुकडा गोराच. उतार दिलेलं पोलाद झटकन काळवंडतं. न दिलेलं सावकाश, फिकट. सूक्ष्मदर्शकात नुसत्या सुया, कडेपासून कडेपर्यंत. भट्टी कमी तापली असती तर सुयांत मऊ पोलादाची पांढरी बेटं दिसली असती. एक बेट नव्हतं. आणि तसली मऊ पिन वाकते, टक् करून तुटत नाही.

"मामा, तुमचं पाणी चोख होतं," वन्सं म्हणाल्या. "उतार पडला नाही. तो तुम्ही चोरला नाहीत."

मामा आमच्या घरात पहिल्यांदा रडले. मग डोळे पुसून म्हणाले की तरी मी त्या दिवशी मीटिंगचं दार ठोठावायला हवं होतं. ते खरंही होतं, आणि वन्संनी त्यांना खोटा धीर दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या तर त्यांचा आरसा जागेवर नव्हता. प्रयोगशाळेचे साहेब, तसा भला माणूस, त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्ही सगळे जेवलो होतो, त्यांनी एक कापलेला तुकडा पुढे ठेवला आणि सांगितलं की कालचा नमुना नीट नव्हता, हा त्याच पिनेचा आहे, याचा करा, चौकशीला फोटो लागणार आहे. वन्संनी तुकडा पहिल्या पेपरवर ठेवला आणि दुसऱ्यांदा घासतानाच हात थांबवला. त्यांनी मला सांगितलेलं वाक्य मी जसंच्या तसं लिहिते : "अगं, तो तुकडा भांडतच नव्हता." कडक पोलाद पेपरवर भांडतं, हाताला झिणझिण्या आणतं. हा लोण्यासारखा गेला. तरी त्यांनी शेवटपर्यंत घासला, मळवला, पाहिला. पांढरी बेटं. कुठून तरी मुद्दाम कमी तापवलेली पिन आणून कापली होती. मामांना बुडवायला.

घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की ह्यांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, वन्सं, तुम्ही कशाला पडता त्यात. अहवालावर तुमची सही लागतसुद्धा नाही. साहेबांनी दिलं ते घासलं, झालं. आपल्याला अजून आठ वर्षं तिथे काढायची आहेत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझी सही कुठेच नाही," म्हणाल्या. "माझा आरसा आहे."

पुढचे चार दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतःचा स्वतः करून प्यायल्या, आणि कप इतका आपटून ठेवायच्या की बशीला चीर गेली. ती बशी मी टाकलेली नाही. त्या चार दिवसांत मी देवापुढे बसायची आणि मला काही मागायला सुचायचं नाही. मागणार तरी काय, मला वाचव म्हणून? माझा पाय शाबूत होता.

चौकशीच्या दिवशीचं मी मामांकडून ऐकलं आणि वन्संकडूनही, दोन्ही जुळतं. गिऱ्हाइकाकडून एक तपासनीस आला होता, जाड चष्म्याचा, फार न बोलणारा. प्रयोगशाळेतच सगळे जमले. नव्या साहेबांनी सांगितलं की भट्टी कमी तापली होती, आणि हा पुरावा. वन्संना फक्त तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला बोलावलं होतं. त्यांनी ठेवला. तपासनिसाने पाहिलं आणि मान हलवली. आता त्यांनी बाहेर जायचं होतं.

त्या गेल्या नाहीत. तपासनिसाला म्हणाल्या, "पिनेचा दुसरा अर्धा तुमच्याकडे आहे ना? बॅगेत असेल तर काढा. इथेच कापते, तुमच्यासमोर घासते. दोन तास लागतील. तुम्ही बसा."

नवे साहेब म्हणाले की बाई, तुमचं काम झालं, तुम्ही जा. प्रयोगशाळेचे साहेब खिडकीबाहेर बघू लागले. तपासनिसाने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा वन्संच्या हातांकडे, आणि बॅगेतून कापडात गुंडाळलेला अर्धा काढून टेबलावर ठेवला. मग खुर्ची ओढून बसला.

दोन तास. कल्पना करा, चार मोठे साहेब ओळीने बसलेले आणि एक मदतनीस बाई पाठ करून तुकडा घासते आहे. चाकाचा आवाज सोडून आवाज नाही. एकाने मध्येच घड्याळ बघितलं तर वन्सं न वळता म्हणाल्या की घाई झाली असेल तर जा, घाईनेच हे झालं आहे. मामा दाराशी उभे होते, त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. एक ओरखडा राहिला म्हणून वन्सं एकदा मागच्या पेपरवर गेल्या. मुद्दाम नव्हे. राहिला होता म्हणून.

आरसा झाला. ॲसिड टाकलं, आणि या वेळी त्यांनी देवाचं नाव मोठ्याने घेतलं. पाच. दहा. पंधरा. तुकडा गोरा. शेजारी त्यांनी आदल्या वर्षीच्या चांगल्या पिनेचा तुकडा ठेवला होता, तोही मळवून दाखवला. तो पाच नावांत काळवंडला. तपासनीस सूक्ष्मदर्शकावर वाकला आणि बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा त्याने भट्टीची वही मागितली. पाणी, झालं. उतार, रिकामा. उतार म्हणजे काय ते त्याने मामांना विचारलं, आणि मामांनी सांगितलं.

तेव्हा नवे साहेब म्हणाले की यांनीच फोनवर सगळं झालं म्हणून सांगितलं.

मामा दारातूनच बोलले. "साहेब, तुम्ही पाणी विचारलंत. मी पाणी सांगितलं."

चूक एका शब्दाची होती, आणि ती कोणाच्याही हातून झाली असती. हे मी आजही म्हणते. त्या साहेबांनी तिथल्या तिथे म्हटलं असतं की मला शब्द कळला नाही, तर मी हे लिहायला बसले नसते. शब्द न कळणं हा गुन्हा नाही. दुसरा तुकडा आणणं हा गुन्हा आहे.

मामांवरचा ठपका निघाला. चार महिन्यांनी ते ताठ मानेने निवृत्त झाले. पाय गेलेला माणूस आता कुठल्याशा फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करतो. नव्या साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. काही वर्षांनी ते परत आले ते मोठे साहेब होऊन. आणि वन्संना चौकशीनंतर महिन्याभरातच कळवलं होतं की घासायला आता स्वयंचलित मशीन येणार आहे, तुम्ही गोदामात जा. मशीन यायला तीन वर्षं लागली. ज्या हातांनी पोलादाचे आरसे केले ते हात आठ वर्षं खोक्यात नट मोजत होते. त्या रोज संध्याकाळी चिडून घरी यायच्या, आणि मी रोज त्यांना आधी चहा द्यायचे, मग बोलायचे. माझं प्रायश्चित्त म्हणा.

गोदामातच छापील फॉर्मचे गठ्ठे यायचे. दर वर्षी नवा गठ्ठा आला की वन्सं वरचा फॉर्म काढून बघायच्या. कडकपणा, किमान ४०. पुढे काही नाही. त्यांनी तीनदा अर्ज दिला की कमालही छापा. तिन्ही वेळा उत्तर आलं की सूचनेबद्दल आभारी आहोत.

आणि मग निरोप समारंभ. मी पहिल्या रांगेत होते, शेजारी मामा, काठी घेऊन. मोठे साहेब भाषणात शांत म्हणाले, सोशिक म्हणाले. मामा माझ्याकडे वाकून म्हणाले की बाई मेल्यावर तरी खरं बोलतील का हे. मग साहेबांनी वन्संना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माइककडे गेल्याच नाहीत. साहेबांजवळ गेल्या, पर्समधून एक कागद आणि पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं. साहेबांना वाटलं, आठवण म्हणून काही लिहून हवं आहे. हसत वाकले. फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं.

तो फॉर्म होता. किमान ४० च्या पुढे वन्संनी पट्टी लावून पेन्सिलीने आखलं होतं, 'कमाल', आणि पुढे मोकळी जागा.

साहेबांचं हसू गेलं. हळू आवाजात म्हणाले की हे समितीत घेऊ. वन्संही हळूच बोलल्या, पण पहिल्या रांगेला ऐकू आलं.

"लिहा. मी उभी आहे."

सभागृह टाळ्यांची वाट बघत होतं. वन्सं गुच्छ काखोटीला मारून उभ्या होत्या, गोदामात उभ्या राहायच्या तशा, उशीर होण्याची बिलकुल काळजी नसल्यासारख्या. साहेबांनी पेन टेकवलं आणि थांबले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती?"

एका माणसाचा पाय गेला, आठ वर्षं गेली, आणि त्यांना आकडा माहीत नव्हता.

"शेहेचाळीस," वन्सं म्हणाल्या. "खाली सही. आणि आजची तारीख."

त्यांनी लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशाला ते कोणाला ठाऊक नव्हतं. वन्संनी खाली उतरून कागद प्रयोगशाळेच्या आताच्या प्रमुख बाईंच्या हातात दिला, गुच्छ माझ्या, आणि सरळ फाटकाकडे निघाल्या. जाताना सवयीने हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा, पुन्हा प्रयत्न करा. त्याला त्यांनी जे उत्तर दिलं ते गृहपत्रिकेत छापण्यासारखं नाही, आणि मीही इथे लिहिणार नाही.

काल त्या बाईंनी नवा छापील फॉर्म घरी पाठवला. कमाल ४६ आहे त्यावर. वन्संनी तो उन्हात धरून बघितला, अक्षर वाकडं छापलंय म्हणाल्या, आणि चहा मागितला.

मी कात्री घेऊन पत्रिकेतला फोटो कापला, खालच्या ओळी कापून गॅसवर जाळल्या, आणि फोटो कोऱ्या कागदावर चिकटवून माझ्या अक्षरात लिहिलं : "कमाल ४६ असे लिहून देताना साहेब. शेजारी, लिहून घेताना, आमच्या वन्सं."